दूरचा शिक्षक आणि हातातला पडदा



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ज्ञानेश्वर, शिवछत्रपती, लोकशाही, दुष्काळ, फार तर चंद्रावरची स्वारी. अशा पंक्तीत ‘संगणकाचे पाठ कसे सादर करावेत’ हा विषय आणून बसवणे म्हणजे पुरणपोळीच्या पानावर फुटाणे वाढण्यासारखे आहे. चिटणिसांनाही तसेच वाटले असावे; विषय नक्की हाच ना, असे त्यांनी मला दोनदा विचारले. त्यांना दिलेले उत्तरच आज जरा विस्ताराने आपणापुढे ठेवतो.

आपल्या केममध्ये आज किती माणसे फोनकडे पाहून काही ना काही शिकत असतात, याचा हिशेब मनाशी करा. कोणी एक्सेल शिकतो, कोणी हिशेबाचे सॉफ्टवेअर, कोणी पीकविम्याचा अर्ज कसा भरावा ते पाहतो, कोणी संगणकाची भाषा शिकून पुण्याला नोकरी मिळेल का याची चाचपणी करतो. जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मधल्या आपल्या स्टेशनात गाडी थांबते, पण तीतून दर वेळी चांगला शिक्षक उतरतोच असे नाही. तेव्हा फोनमधून घरात आलेला शिक्षक हाच पुष्कळांचा एकुलता एक शिक्षक असतो. तो दिसतो का, ऐकू येतो का, कळतो का, हा प्रश्न मग चैनीचा राहत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या एका भाचीमुळे. ती इथल्याच एका कुंकवाच्या कारखान्यात हिशेब लिहिते. कुंकवावर जीएसटी नाही, हे आपल्या गावाचे भाग्य; परंतु डब्या, खोकी, छपाई यांची जी बिले येतात त्यांवर तो असतो, आणि त्या बिलांची नोंद संगणकात करावीच लागते. मालकांनी तिला सांगितले की अमुक दिवशी संध्याकाळी एक वेबिनार आहे, तेवढा पाहा म्हणजे सगळे येईल. पोरीने स्वयंपाक लवकर उरकला, फोन मीठमसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला, वही घेतली, आणि सव्वा तास जागची हलली नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाली, “मामा, मला काय हे जमायचं न्हाई. माझं डोस्कंच चालत न्हाई.” वहीत तीन ओळी होत्या, त्यातली एक खोडलेली.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. पोरगी मंद नाही हे मला ठाऊक होते. म्हणून त्या वेबिनारचे मुद्रण मिळवून मी स्वतः पाहिले. सांगणारे गृहस्थ विषयात पारंगत होते, यात तिळमात्र संशय नाही. परंतु पहिली अकरा मिनिटे ‘माझा आवाज येतो का’ आणि पाहुण्यांची ओळख यांत गेली. पुढे पडद्यावर जे उमटले ते माझ्या टेबलावरच्या मोठ्या संगणकावर मला दिसत होते. तिच्या फोनवर लावून पाहिले तेव्हा मुंग्यांची रांग दिसली. गृहस्थ म्हणत, “इथे क्लिक करायचे, मग इथे, मग हे असे घ्यायचे.” आता ‘इथे’ म्हणजे कुठे आणि ‘हे’ म्हणजे काय, हे ज्याला दिसत नाही त्याने काय करावे? तो स्वतःला दोष देतो. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. वर्गात शिक्षकाचे चुकले तर पोरे चुळबूळ करतात, शिक्षकाला ते दिसते आणि तो सावरतो. फोनवर शिक्षकाचे चुकले तर शिकणारा गप्प बसतो, आणि ती चूक आपल्या नावावर जमा करून घेतो.

आमच्या गावात कुंकू करायला कोणी कोणाला व्याख्यान देऊन शिकवलेले नाही. नवी बाई जुन्या बाईच्या शेजारी बसते. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे घरोघरी ठाऊक असते. पण किती, केव्हा, आणि लाली ‘उतरली’ म्हणजे नेमके काय, हे शेजारी बसल्याशिवाय समजत नाही. जुन्या बाईचे लक्ष निम्मे स्वतःच्या हातांकडे आणि निम्मे नवीच्या हातांकडे असते. ‘अगं थांब, जास्त झालं’ हे वाक्य वेळेवर येते. संगणकावरचा पाठ हा असा शेजारी बसण्याला पर्याय म्हणून निघाला, आणि त्यात नेमके ते ‘अगं थांब’ हरवले. पाठ आधीच मुद्रित करून ठेवलेला असेल तर त्याला ट्यूटोरिअल म्हणतात, आणि ठरल्या वेळी सर्वांनी आपापल्या घरून हजर राहायचे असेल तर वेबिनार. दोन्हींत शिकवणारा आंधळा असतो. त्याला शिकणाऱ्याचे हात दिसत नाहीत. सादरीकरणाचा दर्जा म्हणून जे काही म्हणतात ते सारे या आंधळेपणाची भरपाई आहे. पाठाच्या आरंभी वाजणारे संगीत आणि फिरत येणारी सोनेरी अक्षरे यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

प्रथम डोळ्यांची गोष्ट घेऊ. इथे थोडे गणित करावे लागेल, पण ते चौथीच्या मुलाला येईल असे आहे. शिकवणाऱ्याच्या संगणकाचा पडदा साधारणपणे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. आपला फोन उभा धरला तर त्याची रुंदी सुमारे ७ सेंटिमीटर भरते. म्हणजे चित्र पाचपट लहान झाले. शिकवणाऱ्याला जे अक्षर ३ मिलिमीटर उंचीचे दिसते, ते भाचीच्या फोनवर अवघे ०.६ मिलिमीटर उरते. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीचे अक्षरसुद्धा याहून मोठे असते. फोन आडवा केला तर चित्राची रुंदी १२ सेंटिमीटरांच्या आसपास जाते आणि अक्षर १ मिलिमीटरचे होते. दुखण्यात उतार पडला इतकेच.

बरे, केवळ लहान झाले असते तरी भिंग लावता आले असते. पण पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. शिकवणाऱ्याच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गावात संध्याकाळी इंटरनेटची धार बारीक झाली की फोन आपण होऊन कमी ठिपक्यांचे चित्र मागवतो, पुष्कळदा ६४० बाय ३६० चे. म्हणजे प्रत्येक दिशेला तिसरा हिस्सा. मूळचे १२ ठिपके उंचीचे अक्षर आता ४ ठिपक्यांत बसवायचे. रोमन लिपीतला ‘ओ’ चार ठिपक्यांत कसाबसा तग धरील. आपल्या देवनागरीत वर वेलांटी, मध्ये शिरोरेघ, खाली उकार, आणि त्यात जोडाक्षर! चार ठिपक्यांत ‘ष्ट्री’ लिहून दाखवणारा कारागीर अजून जन्माला यायचा आहे. तेव्हा मराठीतून पाठ करणाराने इंग्रजीतून करणाऱ्यापेक्षा अक्षर मोठेच घेतले पाहिजे.

याच्याही पुढे एक गंमत आहे, आणि ती कुंकवाच्या गावाने मुद्दाम ऐकावी. इंटरनेटवरून चित्र पाठवताना त्याचा बोजा कमी करावा लागतो. माणसाचा डोळा उजेड-अंधार फार बारकाईने पाहतो, रंग मात्र ढोबळ पाहतो. याचा फायदा घेऊन नेहमीच्या पद्धतीत चार ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला उजेडाचे आकडे चार पाठवतात, आणि रंगाचा हिशेब मात्र चौघांत मिळून एकच. निसर्गदृश्यात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु काळसर किंवा निळ्या पृष्ठावर तांबडे अक्षर लिहा. तिथे उजेडाचा फरक थोडा आणि रंगाचा फरक फार. नेमका रंगच ढोबळ झाल्यामुळे अक्षराच्या कडा फिसकटतात. ज्या शब्दाकडे लक्ष वेधावे म्हणून शिकवणाऱ्याने हौसेने लाल रंग वापरला, तोच शब्द वाचता येत नाही! कुंकू गोऱ्या कपाळावर उठून दिसते ते पार्श्वभूमीच्या उजळपणामुळे. पडद्यावरही पांढऱ्यावर काळे किंवा अगदी गडद अक्षर घ्यावे, हे बरे.

बोजा कमी करण्याची दुसरी युक्ती अशी की, मागच्या क्षणाच्या चित्रात जेवढा बदल झाला तेवढाच पाठवायचा. पडदा स्थिर असेल तर पाठवण्यासारखे फारसे काही नसते आणि अक्षर हळूहळू स्वच्छ होते. पण शिकवणारा पान भराभरा वरखाली सरकवू लागला की सगळेच बदलते, धार पुरत नाही, आणि शिकणाऱ्याला काही काळ नुसता चिखल दिसतो. चित्र निवळेपर्यंत शिकवणारा पुढच्या पानावर गेलेला असतो. उपाय फुकटचे आहेत. पान सरकवले की दोन श्वास थांबावे. सबंध पडदा दाखवण्याऐवजी जेवढा भाग कामाचा तेवढाच मोठा करून दाखवावा. आणि पाठ प्रसिद्ध करण्यापूर्वी तो स्वतःच्या फोनवर, फोन उभा धरून, एकदा तरी पाहावा. हा शेवटचा उपाय मी ज्यांना ज्यांना सुचवला, त्यांतल्या निम्म्या लोकांनी तो कधीच केला नव्हता. स्वयंपाक करणाराने मीठ चाखू नये, तशातला हा प्रकार.

आता कानांकडे वळू. माझे स्पष्ट मत असे की, चित्र बिघडले तर माणूस काही काळ ऐकत बसतो. आवाज बिघडला तर उठून जातो. आवाज बिघडतो तो बहुधा यंत्राच्या किंमतीमुळे नव्हे, अंतरामुळे. मोकळ्यावर बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. खोलीतल्या भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो, पंख्याची घरघरही तेवढीच. म्हणून हातभर अंतरावरच्या महाग यंत्रापेक्षा तोंडापासून वीतभर अंतरावरचे साधे यंत्र सरस ठरते. गोधडी, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली खोली यासाठी उत्तम. फरशीची रिकामी खोली सर्वांत वाईट. आपल्याकडे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली बैठकीची खोली नेमकी दुसऱ्या जातीची असते, आणि लोक हौसेने तिथेच बसून बोलतात.

बिघाड कोणत्या अक्षरांत होतो तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे. आपला ‘स’ हा जो फूत्कार आहे त्याचा मोठा भाग याच्याही वर असतो. स्वर तगडे असतात, ते कुठूनही निभावून येतात, व्यंजने नाजूक. आजचे फोन पुष्कळ सुधारले, तरी स्वस्त यंत्र, घुमणारी खोली आणि बारीक झालेली धार एकत्र आली की पहिला बळी ‘स’चाच जातो. आणि ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो. हिशेबाच्या पाठात याचा अर्थ काय होतो हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. आपल्या स्टेशनातल्या घोषणा ऐका. गाडीचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून सांगतात, आणि घोषणा एकाहून अधिक भाषांत होते. कर्णा कितीही खरखरला तरी माणूस आपल्या गाडीत चढतो. आकडा सांगताना तो सुटा सांगावा आणि पडद्यावर दिसूही द्यावा, एवढे रेल्वेकडून घेतले तरी पुष्कळ.

मनाची गोष्ट याहून अवघड. पडद्यासमोर बसून लोकांना दूरच्या संगणकावरचे सॉफ्टवेअर दाखवण्याचा एक गाजलेला प्रयोग ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. डग्लस एंगेलबार्ट या अभियंत्याने सुमारे हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटे आपले संगणकतंत्र दाखवले. संगणक त्या सभागृहात नव्हताच; तो जवळजवळ ५० किलोमीटर दूर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता, आणि चित्र सूक्ष्मलहरींच्या दुव्याने येत होते. माउस नावाची वस्तू लोकांनी तेव्हा प्रथम पाहिली. पडद्यावर मजकूर, आणि त्याच्याच जोडीला बोलणाऱ्याचा चेहरा, ही आजच्या वेबिनारची मांडणी त्या दिवशीच अवतरली होती. मला त्यात सर्वांत भावते ते निराळेच. एवढे अद्‌भुत यंत्र हाती असताना एंगेलबार्टने उदाहरण कोणते घेतले? बाजारातून आणायच्या किराणा-भाजीची यादी! श्रोत्याला विषय अपरिचित असेल तर उदाहरण तरी परिचयाचे असावे, हे त्या गृहस्थाला कळले होते. आमच्याकडे एक्सेल शिकवताना अजून कोणा परदेशी कंपनीच्या विक्रीचा तक्ता घेतात. आठवडी बाजाराचा हिशेब काय वाईट आहे?

ज्याला काम पाठ झाले आहे त्याला त्यातल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो हे विचारा. सॉफ्टवेअर दाखवणारा माणूस कळफलकावर दोन बोटे दाबून नक्कल काढतो. शिकणाऱ्याला पडद्यावर नुसते काहीतरी उगवलेले दिसते, बोटे दिसत नाहीत. म्हणून जे हात करतात ते तोंडाने बोलले पाहिजे. ‘इथे’ या शब्दाला तर मी दंडच ठेवीन. ‘वर डाव्या कोपऱ्यात फाइल असे लिहिले आहे, त्यावर’ असे म्हणावे. असे म्हटले की फोनवर मुंग्या दिसणाऱ्याचेही निभावते, आणि ज्याला डोळ्यांनी अजिबात दिसत नाही असा शिकणाराही त्यात सामावतो.

रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द एकत्र शिकवताना काय होते यावर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांतला एक निष्कर्ष आपल्याकडच्या वक्त्यांना रुचणार नाही. चित्र दाखवून तोंडाने समजावले तर चांगले समजते. पण तेच शब्द पडद्यावर लिहूनही ठेवले आणि ते वाचूनही दाखवले, तर समजणे वाढण्याऐवजी घटते. डोळ्यांना चित्रही पाहायचे, अक्षरही वाचायचे, आणि कान पुढे किंवा मागे. भाषा परकी असेल तर मात्र लिहिलेल्या शब्दांचा आधार होतो, ही सवलत ठेवली पाहिजे.

पाठ किती लांब असावा? २०१४ साली एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या ६९ लाख प्रसंगांची छाननी प्रसिद्ध झाली. सहा मिनिटांच्या आतले पाठ लोक सर्वाधिक टिकून पाहतात असे तीत निघाले. त्याच छाननीत भरभर आणि उत्साहाने बोलणारे शिक्षक लोकांनी जास्त वेळ पाहिले असेही निघाले, आणि काही मंडळींनी त्यावरून घाई करण्याची दीक्षाच घेतली. पण तिथे मोजला होता तो पाहण्याचा वेळ. किती समजले ते मोजले नव्हते. तमाशाही लोक रात्रभर पाहतात. करून पाहायच्या पाठात थांबायला जागा ठेवावी, असे माझे मत आहे.

हे सर्व सांगून झाल्यावर कोणी विचारील, असे पाठ कोणी केले आहेत काय? केले आहेत, आणि आपल्याच मुंबईत. केंद्र सरकारच्या २००९ साली सुरू झालेल्या शिक्षणविषयक तंत्रज्ञान-अभियानाच्या साह्याने मुंबईच्या आयआयटीत रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्यूटोरिअल’ नावाचा प्रकल्प उभा केला. लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब, सी भाषा असे मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ. इंग्रजीत मूळ पाठ तयार होतो आणि भारतीय भाषांत, मराठीतही, त्यावर आवाज चढवला जातो. चित्र तेच राहते.

त्यांची कामाची पद्धत मला एखाद्या चांगल्या नाटकमंडळीसारखी वाटते. आधी संहिता लिहायची, दोन रकान्यांत: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्या क्षणी काय बोलले जाईल. एकाही शब्दाला पडद्यावर जागा नाही असे व्हायचे नाही. मग ती संहिता जाणकार तपासतो; आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्याला तो विषय येत नाही असा माणूसही ती तपासतो. तो नवखा माणूस संहितेप्रमाणे करीत जातो आणि जिथे अडतो तिथे संहिता चुकली असे मानतात. त्याचे डोके चुकले असे मानीत नाहीत! माझ्या भाचीच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले होते. पाठाच्या आरंभी काय शिकायचे आणि आधी काय यायला हवे ते सांगायचे, शेवटी स्वाध्याय द्यायचा. पाहणाऱ्याने पडद्याच्या एका भागात पाठ उघडायचा आणि शेजारच्या भागात सॉफ्टवेअर. पाठ थांबवायचा, तेवढे करायचे, पुन्हा चालू करायचा. शेजारी बसलेली जुनी बाई यंत्रात आणण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी हे पाठ तबकडीवरही देत असत.

भाषेच्या बाबतीत त्यांनी घेतलेला निर्णय विचार करण्यासारखा आहे. आवाज मराठी, पण पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीच. कारण नोकरीच्या जागी ते इंग्रजीच भेटणार. आता निवेदकाने ‘जतन करा’ म्हणावे की ‘सेव्ह’? मी मराठीचा अभिमानी आहे, तरी इथे माझे मत ‘सेव्ह’च्या बाजूचे. बटणावर जे लिहिले आहे ते शिकणाऱ्याला शोधायचे आहे. ‘जतन’ ऐकून तो ‘ज’ शोधत बसेल. बटणाचे नाव बटणावर असेल तसे घ्यावे, आणि ते काय करते, का करते, केव्हा करू नये, हे सगळे अस्सल मराठीत सांगावे. पुष्कळ पाठांत नेमके उलट होते. बटणाचे भाषांतर केलेले असते आणि स्पष्टीकरण इंग्रजी पुस्तकातून उचललेले.

आपल्या जिल्ह्याचेही एक उदाहरण सांगितले पाहिजे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर संकेत चिकटवून त्या पानाचा ध्वनी-चित्र पाठ फोनवर उघडण्याची सोय केली, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली हुशारी मला जागेच्या निवडीत दिसते. मूल ज्या ओळीवर अडले तिथेच पाठ ठेवला आहे. तासाभराच्या चित्रफितीत ती ओळ धुंडाळत बसायला नको.

वेबिनारची दुखणी थोडी वेगळी, आणि इथे मला माझाच गुन्हा कबूल केला पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत मीही काही शिक्षकांसाठी एक्सेलचा वेबिनार घेतला. दर पाच मिनिटांनी विचारीत होतो, “सर्वांना समजले ना?” लगेच खाली ‘यस सर’, ‘यस सर’ अशी रांग लागे. मी खूश. नंतर कळले की ‘यस सर’ लिहिणारी तीच सातआठ माणसे होती. बाकीची गप्प होती, त्यांतल्या दोघांचा तर पडदाच अर्ध्या तासापूर्वी थिजला होता. ‘समजले का’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असे उत्तर देण्याची रीतच नाही. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर केल्याशिवाय देता येणार नाही. “शेवटच्या चौकटीत बेरीज किती आली, ती लिहा.” मग कोण कुठे आहे ते उघडे पडते.

शिवाय आवाज जायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाला साधारण १५० मिलिसेकंदांत पोचला तर संभाषण सहज चालते. त्याहून उशीर झाला की दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात. गावाकडच्या जोडणीवर हा उशीर सहज वाढतो. म्हणून प्रश्न विचारल्यावर वक्त्याने मनात दहापर्यंत मोजावे. रिकाम्या पडद्यासमोर दहा आकडे फार लांब वाटतात, मला ठाऊक आहे. आणि एकट्याने वेबिनार घेऊ नये. कीर्तनकारामागे टाळकरी असतो, तो नुसता टाळ वाजवीत नाही, बुवांचा श्वास संपला की धरून ठेवतो. तसा एक जण फक्त श्रोत्यांचे प्रश्न वाचण्यासाठी, आणि एक फोन हातात घेऊन श्रोत्याला काय दिसते ते पाहण्यासाठी असावा.

भाचीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही दोघांनी बसून ती बिलाची नोंद स्पोकन ट्यूटोरिअलच्या रीतीने दोन रकान्यांत लिहून काढली. एकवीस पायऱ्या निघाल्या. वेबिनारात त्यांतल्या नऊच बोलल्या गेल्या होत्या. लिहिता लिहिता तिला ते येऊ लागले, हे ओघानेच आले. मग कारखान्यात दुसरी एक बाई हिशेबाला लागायची होती, तिच्यासाठी हिने फोनवरच सात मिनिटांचा पाठ केला. पहिल्या खेपेस शेजारची गिरणी चालू होती, दुसऱ्या खेपेस गाडी आली. तिसऱ्यांदा पहाटे, गोधड्यांच्या खोलीत बसून झाले. दर दोन पायऱ्यांनंतर ती म्हणते, “आता हे बंद करा आन्‌ करून बघा. मी हितंच हाय.” पाठ मी जिल्ह्याच्या गावी एका इंजिनिअर स्नेह्याला दाखवला. तो म्हणाला, उच्चार ग्रामीण आहेत, सुधारून घ्या. मी सुधारून घेतले नाहीत. बाईला पाठ कळला की नाही, एवढे विचारले. दुसऱ्या दिवशी तिने चार बिले चढवली होती.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखली आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून श्रोता वक्त्याच्या समोर बसत आला आहे, आणि ही सोय अजून कोणत्याही यंत्राला पुरती साधलेली नाही. तेव्हा विचारा. मागे भिंतीपाशी बसलेल्या बायकांपर्यंत माझा आवाज पोचत होता का, हे मात्र मी सुरुवातीलाच विचारायला हवे होते.